दर्शन घेणे



पंढरीहून परतलेल्या माणसाला गावात पहिला प्रश्न कोणता विचारतात, हे तुम्हाला सांगायला नको. पाऊस कुठे लागला, पाय सुजले का, हे सगळे नंतर. आधी, "दर्शन झालं का?" कोणी म्हणतो, पायावर डोकं ठेवलं. कोणी म्हणतो, बारी पार गोपाळपूरपर्यंत गेली होती, मग मुखदर्शन घेतलं. कोणी म्हणतो, कळसाचं झालं, नामदेव पायरीला हात लावला आणि निघालो. तिघेही दर्शन झाले म्हणतात आणि तिघांतला एकही खोटे बोलत नाही.

या शब्दाची एक गंमत पाहा. हिंदी भाविक दर्शन 'करतो'. आपण दर्शन 'घेतो', देव दर्शन 'देतो' आणि दोन्हीकडचे जुळले की दर्शन 'होते'. तीर्थ घेतो, प्रसाद घेतो, आरती घेतो, तसेच दर्शन घेतो. आता घ्यायचे म्हटले की ओंजळ लागते, पदर लागतो, निदान हात तरी पुढे करावा लागतो. डोळ्याने कोणी काही घेते का? जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पस्तीस वर्षे मराठी शिकवली, मुलांना संधी आणि समास फोडून दाखवले. पण 'दर्शन' हा शब्द फोडून पाहण्याची वेळ आली ती आईमुळे.

आमचे गाव हसनाबाद, भोकरदन तालुका, जिल्हा जालना. आई लग्न होऊन या गावात आली आणि बाळंतपणाची वर्षे सोडली तर तिने आषाढी चुकवली नाही. पैठणला जायचे आणि नाथांच्या पालखीबरोबर चालत पंढरी गाठायची, हा तिचा नेम. 2016 च्या सुमारास ती उंबऱ्याला, बाजेच्या पायाला अडखळू लागली. समोरचा माणूस ओळखायची, पण बाजूने येणारी म्हैस अंगाशी येईपर्यंत तिला कळायची नाही. "मोतीबिंदू आसंल, वारीहून आल्यावर बघू," असे तीच म्हणाली आणि दोन वाऱ्या तशाच गेल्या. डॉक्टरांनी तपासले तेव्हा तो काचबिंदू निघाला. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते, ते बदलले की माणसाला पुन्हा दिसते. काचबिंदूत बहुतेक वेळा डोळ्याच्या आतला दाब वाढून दृष्टीची नस हळूहळू सुकत जाते. दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेचे दिसेनासे होते आणि समोरचे सगळ्यात शेवटी, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेली दृष्टी परत येत नाही. थेंब घालून उरलेली तेवढी राखायची. विषय निघालाच आहे तर सांगून ठेवतो. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक माउलीने वर्षातून एकदा डोळ्याचा दाब मोजून घ्यावा. सुश्रुतसंहितेत 'तिमिर' हे डोळ्याच्या रोगाचेच नाव आहे आणि तो रोग वाढला की त्याला 'काच' म्हटले आहे. अंधार आणि आजार, दोघांना एकच शब्द.

2019 ची आषाढी आई एका बाईच्या पदराचे टोक धरून चालली. समोरचे वाटीएवढे दिसायचे, तेवढ्यावर भागवले. पुढच्या वर्षी ते वाटीएवढेही गेले आणि नेमके त्याच वर्षी देऊळ बंद झाले. मार्च 2020 पासून पंढरीचे दार लागले. त्या आषाढीला संतांच्या पादुका एसटी बसमधून पंढरपूरला गेल्या, हे तुम्ही टीव्हीवर पाहिले असेल. आईने ते ऐकले.

मग दिवाळी पाडव्याला, 16 नोव्हेंबर 2020 रोजी, राज्यातली मंदिरे उघडली. गल्लीतल्या बाया आनंदाने सांगत आल्या, "चला मावशी, मुखदर्शन सुरू झालं." पायांना हात लावायची परवानगी नव्हती, लांबून पाहायचे आणि पुढे सरकायचे. आई शेंगा सोलत बसली होती. हात न थांबवता म्हणाली, "मुखदर्शन डोळसाचं बाई. मव्हं दर्शन पायाचं."

त्या रात्री तिने मला विचारले, "पाय कधी उघडतील काय माहीत. तवर मी गेले तर दर्शनावाचून गेले म्हणायचं का रं?"

अशा वेळी द्यायची उत्तरे तयार असतात. मनाचे डोळे उघड, देव अंतरात आहे, वगैरे. कीर्तनात ऐकताना ती छान वाटतात, कारण ऐकणारे बहुतेक डोळस असतात. ज्याचे डोळे गेले त्याला डोळसाने हे सांगणे म्हणजे पोटभर जेवलेल्याने उपवासाचे महत्त्व सांगण्यासारखे आहे. मला ते सांगवेना. मी कोश काढून बसलो.

'दर्शन' आला तो 'दृश्' या धातूपासून, म्हणजे पाहणे. पण या धातूचा एक विचित्र प्रकार आहे. त्याला स्वतःचा वर्तमानकाळच नाही. संस्कृतात 'तो पाहतो' म्हणायचे तर 'पश्यति' म्हणावे लागते, आणि पाणिनी सांगतात की वर्तमानात 'दृश्'च्या जागी 'पश्य' घ्यावे. आपले 'पाहणे' त्या 'पश्य'च्या घरचे. 'दृश्'ची स्वतःची रूपे येतात ती पाहिले, पाहीन, दिसले अशा ठिकाणी. पाहत राहणे हे त्याचे काम नव्हे. दिसून जाणे, पाहून होणे, हे त्याचे काम. तेव्हा आपण 'दर्शन झालं का' विचारतो आणि 'दर्शन चाललंय का' विचारत नाही, ते उगीच नव्हे. भाषाशास्त्राचा हा नियम आणि बारीतला अनुभव एकमेकांना किती जुळतात पाहा. वीस वीस तास उभे राहायचे, आणि गाभाऱ्यात गेल्यावर सेवेकरी पाठीवर हात ठेवून पुढे सरकवतो. पाहायला सवड मिळतच नाही. झाले, एवढेच कळते.

या 'दृश्'चे कुटुंब मराठीत फार पसरले आहे. 'दृश्यते' झिजून 'दिसणे' झाले. 'दृष्टी'ची प्राकृतात 'दिट्ठी' झाली आणि तीच माउलींची 'दिठी'. लेकराला लागते ती 'दृष्ट' हीसुद्धा तीच. मीठमोहऱ्या ओवाळून काढतो ती. 'आदर्श' म्हणजे संस्कृतात मुळात आरसा, ज्यात पाहायचे ते. आणि आपला 'आरसा' हा 'आदर्श'च झिजून झालेला आहे. एकाच शब्दाची दोन रूपे, एक झिजून भिंतीवर टांगले गेले आणि दुसरे न झिजता पुरस्कारांच्या कागदावर बसले. 'आदर्श शिक्षक' म्हणून माझा सत्कार झाला, तेव्हा हे ठाऊक असते तर मनातल्या मनात 'आरसा शिक्षक' म्हणून हसलो असतो.

पण मला धरून ठेवले ते याच घरातल्या अगदी लहान शब्दांनी. असा, तसा, जसा, कसा. हे ईदृश, तादृश, यादृश, कीदृश यांपासून आले आहेत. प्रत्येकात 'दृश्' दडलेला आहे. 'तसा' म्हणजे त्यासारखा दिसणारा. 'कसा आहेस?' या प्रश्नाच्या पोटात 'कसा दिसतोस?' आहे. आणि 'सारखा' हासुद्धा 'सदृक्ष'वरून आलेला, त्याच घरचा.

आता ज्ञानेश्वरी डोळ्यापुढे आणा. शके 1212 मध्ये नेवाशाला सांगितलेला हा ग्रंथ, नऊ हजारांवर ओव्या, आणि पानोपानी 'जैसे' आणि 'तैसे'. सूर्य, दिवा, पाणी, लाट, आई, लेकरू, भुंगा, कमळ. एकामागून एक दृष्टान्त. 'दृष्टान्त' हा शब्दही इथलाच. आणि मराठीत या शब्दाला दोन कामे आहेत. कीर्तनकार दृष्टान्त देतो तेव्हा ती उपमा असते, आणि देव दृष्टान्त देतो तेव्हा ते स्वप्न असते. हा दुसरा दृष्टान्त डोळे मिटलेल्या माणसालाच होतो, आणि त्यालाही आपण 'देणे' हेच क्रियापद लावतो.

टाळेबंदीच्या काळात दिंडी नाही, सप्ताह नाही, म्हणून संध्याकाळी मी घरीच आईला ज्ञानेश्वरी वाचून दाखवत असे. तिने सप्ताहात कित्येक पारायणे ऐकलेली, त्यामुळे पुष्कळ ओव्या तिला पाठ. मी 'जैसे' म्हणून ओवी सुरू केली की ती मान वर करायची, 'तैसे' आले की मान खाली. हे मी अनेक दिवस पाहत होतो. व्युत्पत्ती कळल्यावर त्या मान हलवण्याकडे मी जरा निराळ्या नजरेने पाहू लागलो, इतकेच. ती पाहतच होती. मी फक्त 'जैसे' म्हणून बोट दाखवायचो.

इथे एका नावाशी थांबायला हवे. अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज. जन्म 1881 चा. वर्षाचे होण्याच्या आतच डोळे गेले. वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, 1915 मध्ये देह ठेवला, आणि तेवढ्यात शंभराहून अधिक ग्रंथ रचले. स्वतःला ते ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत, माउलींची लेक. वेदान्तापासून पाश्चात्त्य विचारापर्यंत जे मिळेल ते दुसऱ्याकडून वाचून घेत आणि स्वतःचे दुसऱ्याकडून लिहवून घेत. लोक त्यांना 'प्रज्ञाचक्षु' म्हणत. प्रज्ञा हाच ज्याचा डोळा आहे तो.

शब्द मोठा सुंदर, पण त्याचा इतिहास जरा अवघड आहे. महाभारतात 'प्रज्ञाचक्षु' म्हटले आहे ते धृतराष्ट्राला. ज्याच्या पुत्रप्रेमाने कुळ बुडाले त्या राजाला! तेव्हा डोळे गेले म्हणून प्रज्ञा आपोआप उघडते असे कोणी समजू नये; शब्द शिष्टाचाराचाही असू शकतो. सरकारी दाखल्यावर आईच्या नावापुढे 'दिव्यांग' लिहून आले, तेव्हा मी तिला अर्थ सांगितला. ती म्हणाली, "आंधळी म्हणलं तरी चालतंय, पर हाताला धरा."

धृतराष्ट्र आणि गुलाबराव महाराज, दोघांपाशीही साधन एकच होते, दुसऱ्याचा आवाज. राजाला संजय सांगत होता, महाराजांना वाचक वाचून दाखवत होते. फरक पडला तो विचारण्यात. गीतेतल्या पहिल्याच प्रश्नात राजाने माणसांचे माझे आणि पांडूचे असे दोन ढीग केले, मग संजयाने विश्वरूपापर्यंत सांगत नेले तरी ऐकणारा त्याच जागी बसून राहिला. महाराजांनी काय विचारले असेल ते त्यांच्या ग्रंथांच्या विषयांवरूनच दिसते.

आणि 'चक्षु'? हा शब्द 'चक्ष्' धातूचा. तुम्हाला वाटेल, अर्थ पाहणे. धातुपाठात त्याचा पहिला अर्थ दिला आहे तो स्पष्ट बोलणे! पाहणे आणि सांगणे, दोन्ही अर्थ या एका धातूत नांदतात. पाणिनींचे सूत्रही आहे की या 'चक्ष्'च्या जागी काही ठिकाणी 'ख्या' येतो. त्या 'ख्या'पासून आख्यान, व्याख्यान, ख्याती. म्हणजे कीर्तनातले आख्यान आणि कपाळाखालचे चक्षु, व्याकरणाच्या हिशेबाने एकाच घरचे. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

ओट्यावर आमच्या गल्लीतले निवृत्त उर्दू मास्तर बसलेले असतात. सगळा गाव त्यांना मास्तरचाचा म्हणतो. आमचे गावच हसनाबाद. 'हसन' म्हणजे अरबीत चांगला, देखणा आणि 'आबाद' म्हणजे फारसीत वसलेले. 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे कचेरीतली उर्दू आमच्या बोलण्यात चांगलीच मुरलेली आहे. मी त्यांना 'दर्शन'चे पुराण ऐकवले. ते म्हणाले, "सर, तुमचं दर्शन ते आमचं दीदार." आणि चष्मा पुसत पुढे म्हणाले, "अन हा चष्मा बी आमचाच. चश्म म्हणजे डोळा."

नंतर पाहिले तर ते आणखीनच निघाले. फारसी 'चश्म' आणि संस्कृत 'चक्षु' ही सख्खी भावंडे आहेत. इराणी आणि भारतीय भाषांचे मूळ एक, तेव्हाची. म्हणजे नाकावरच्या चष्म्यात चक्षुच आहे. पण 'दीदार'ची बहीण 'दर्शन' नव्हे. 'दीदार' येतो 'दीदन'पासून, म्हणजे पाहणे, आणि त्या फारसी धातूचे संस्कृतातले रूप आहे 'धी'. 'धी' म्हणजे आज आपण बुद्धी म्हणतो, पण वेदांत 'धी' म्हणजे ऋषीला आतून दिसलेले. त्याच 'धी'च्या कुळातला शब्द म्हणजे 'ध्यान'.

माउली, क्षणभर विचार करा. ध्यान म्हटले की जगाच्या डोळ्यापुढे मिटलेल्या डोळ्यांचा माणूस येतो, मांडी घालून बसलेला. वारकऱ्याच्या डोळ्यापुढे काय येते? कमरेवर हात ठेवून विटेवर उभे असलेले रूप. आपल्या अभंगांत ध्यान म्हणजे मूर्ती. आपण ध्यानाला उभे केले, त्याला तुळशीहार घातला, पितांबर नेसवला. ध्यान हा शब्द मुळात पाहण्याचाच आहे, हे वारकऱ्यांनी कोश न उघडताच धरून ठेवले. (मळकट कपड्यांत कोणी आले की बाया म्हणतात, "काय ध्यान आहे!" तिथेही ध्यान म्हणजे दिसणे. टिंगलीतसुद्धा शब्द आपले मूळ सोडत नाही.)

हे सगळे मी आईला सांगितले. धातू वगळून, मास्तरचाचांसकट. दीदार आणि ध्यान बहिणी म्हटल्यावर ती हसली. "मंग मला ध्यान हाय की," म्हणाली. "रोज हाय. काकड्याच्या येळंला तर लई स्वच्छ." आणि थोड्या वेळाने, "पर ध्यान घरचं, लेका. दर्शन पंढरीचं. एकावर दुसऱ्याचं भागत न्हाई."

मी तिच्याशी वाद घातला नाही. मला तिचे बरोबर वाटले. आपल्या पंथाने ज्ञान दिले, ध्यान दिले, नाम दिले, आणि तरीही 'चला पंढरीला' म्हणायचे काही सोडले नाही. घरबसल्या भागत असते तर पायांना इतके कोस कोणी चालवले असते?

पायांचे दर्शन पुन्हा सुरू झाले ते 2022 च्या गुढीपाडव्याला, 2 एप्रिलला. दोन वर्षांच्या वर दिवस गेले होते. बातमी आली त्या संध्याकाळी आईने ट्रंकेतले नऊवार काढून उन्हात टाकायला सांगितले. ऊन मावळले होते, हे तिला सांगावे लागले.

चैत्री वारीला निघालो. एसटीचा संप अजून चालू होता, म्हणून गावातल्या आणखी चार घरांबरोबर भाड्याची जीप केली. पहाटे चंद्रभागेत स्नान झाले. पाणी घोट्यापर्यंतच होते, आईने ते पायानेच ओळखले आणि बसून तांब्याने अंगावर घेतले. मग महाद्वार. नामदेव पायरीपाशी ती आपणहून वाकली, कुठे ते मी सांगितले नव्हते. समोर चोखोबांची समाधी, तिथे हात टेकवला. मग बारी.

त्या दिवशी तिच्यामागे चालताना मला पंढरीचे देऊळ प्रथमच असे कळले, की ते हाताचे देऊळ आहे. पायरीला हात लावायचा. गरुडखांबाला मिठी मारायची, चांदी मढवलेला तो खांब, गालाला गार लागतो. सोळखांबीत खांबाला हात लावत पुढे जायचे. आणि शेवटी पाय. इतर कित्येक मोठ्या क्षेत्री देव लांबून पाहायचा असतो. इथे जाऊन डोके ठेवायचे असते, कोणीही, कोणत्याही जातीचा. आणि डोके ठेवलेला माणूस काय पाहतो? कपाळ पायावर, नाक विटेशी, डोळे मिटलेले. वीस तास उभे राहून ज्या क्षणासाठी आलो, त्या क्षणी प्रत्येक जण आंधळा असतो. तुम्हीही होता. मीही होतो. मुखदर्शनाला डोळे लागतात, कळसदर्शनाला तर चांगले लागतात. पददर्शनाला, ज्याला आपण सगळ्यात मोठे मानतो, त्याला लागत नाहीत.

त्या पायांची झीज होते, हेही तुम्ही ऐकले असेल. शेकडो वर्षे कपाळे आणि बोटे लागून दगड झिजतो, म्हणून अधूनमधून वज्रलेप करावा लागतो. 2020 मध्ये देऊळ बंद असतानाही तो केला गेला. पाहून दगड झिजत नाही. घेऊन झिजतो.

काकड आरतीची वेळ निघून गेली होती, पण गाभाऱ्याजवळ एक निरांजन पुढे आले. आईने दोन्ही तळवे त्यावर धरले आणि तेच तळवे डोळ्यांवर ठेवले. हे आपण सगळेच करतो, विचार न करता. 'आरती' हा शब्द 'आरात्रिक' वरून आला. विजेचे दिवे नव्हते तेव्हा काळोख्या गाभाऱ्यात ओवाळलेल्या ज्योतीनेच मूर्ती दिसायची, पायांपासून मुकुटापर्यंत थोडी थोडी. आणि तरी आपण ज्योत नुसती पाहून थांबत नाही. तिची ऊब हातात घेतो, डोळ्यांपर्यंत नेतो. उजेड कसा घ्यायचा, हे माझ्यापेक्षा आईच्या तळव्यांना चांगले ठाऊक होते.

गाभाऱ्यात सेवेकऱ्याने तिचा हात धरून पायांवर ठेवला. तिने डोके टेकवले. किती वेळ? दोन श्वास. मग बोटांनी पाऊल चाचपले, अंगठ्यापासून घोट्यापर्यंत. मागच्यांनी घाई केली नाही, कोणी तरी 'राहू द्या, आजीचं होऊ द्या' म्हणाले. मग तिला पुढे सरकवले, माझे डोके टेकले, आणि आम्ही रुक्मिणीमातेकडे निघालो.

बाहेर ओवरीत बसल्यावर मी विचारले, "कसे होते पाय?"

"तसेच हायेत," ती म्हणाली. "गारच हायेत अजून."

हसनाबादला पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. गल्लीतल्या बाया प्रसादाला आल्या. आई बाजेवर बसली आणि सांगू लागली. चंद्रभागेला पाणी किती होते, बारीत कोणाचे लेकरू रडत होते, तुळशीचा वास कुठून सुरू झाला, निरांजनाची ऊब, सेवेकऱ्याच्या हाताची पकड, पावलाची बोटे कुठे गुळगुळीत आणि कुठे नाही. पाऊण तास चालले. ज्या बाया आदल्या वर्षी मुखदर्शन घेऊन आल्या होत्या, त्याही पदर सावरून पुढे सरकल्या होत्या. मास्तरचाचा ओट्यावरून ऐकत होते. मधेच एकीने विचारले, "अन विटेला हात लागला का मावशी?" आई म्हणाली, "सांगते, थांब, अजून तिथवर आले न्हाई."